खंडेनवमीला रेकॉर्ड प्लेयर

खंडेनवमीला घरातली हत्यारे बाहेर निघतात. कोयता, विळी, करवत, शिवणयंत्र, अंगणातली स्कूटर, सगळ्यांना पुसून हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते. रेकॉर्ड प्लेयरला फूल तेवढे मिळते, पुसणे राहून जाते. खरे तर गोव्यात त्याचे झाकण काढून आत डोकावायला याहून चांगला मुहूर्त नाही. पणजीवर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडून निघून जातो आणि चिऱ्याच्या भिंतींतली ओल हळूहळू उतरू लागते. या चार महिन्यांत यंत्राचे काय झाले, ते पहिली तबकडी लावली की कळते.

तक्रारी ठरलेल्या असतात. एका बाजूचा स्पीकर मुका. गायकाचा ‘स’ आणि ‘श’ चरचरतो. तबला गोधडीखाली ठेवून वाजवल्यासारखा. कधी सूरच खाली आलेला. मग घरातले कोणीतरी म्हणते, सेट म्हातारा झाला, नवा घेऊया. निदान नवीन कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी तरी. माझे मत असे की नवे कार्ट्रिज बसवल्यावर जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा चार पिना पुसूनही जाणवला असता. कारण नवे बसवताना त्या पिना आपसूक घासल्या जातात आणि श्रेय नव्या वस्तूला मिळते.

तेव्हा सुरुवात पिनांपासून. कार्ट्रिज ज्या तुकड्यावर स्क्रूने बसवलेले असते ते हेडशेल बऱ्याच प्लेयरांत कडे फिरवून सुटते. त्याच्या मागच्या टोकाला चार बारीक पिना असतात आणि सुई पेलणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टोनआर्मच्या, तोंडात त्यांच्यासमोर स्प्रिंगवरच्या चार. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे आत चुंबक हलणाऱ्या, कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल ४-५ मिलिव्होल्टचा. टॉर्चच्या सेलचे दीड व्होल्ट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा किती अशक्त ते कळेल. समुद्रावरून येणारी खारी हवा आणि महिनोन्‌महिने ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारी आर्द्रता या पिनांवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवते, पितळ असेल तर हिरवा कळंक धरतो. शंभर व्होल्टला अशा पापुद्र्याची पर्वा नसते, चार मिलिव्होल्टला तो भिंतीसारखा आडवा येतो. हेडशेलच्या पिनांवर साधे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. आर्मच्या आतल्या पिनांना खोडरबर नको. त्या आत रुतल्या तर बाहेर येत नाहीत, त्यांना फक्त काडी.

मग हेडशेलच्या पोटातल्या चार रंगीत तारा. लाल उजव्या बाजूची, हिरवी तिची परतीची. पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची. चिमट्याने तारेच्या टोकाची एकेक टोपी कार्ट्रिजच्या पिनवरून अर्धी ओढून पुन्हा सरकवायची, तेवढ्याने संपर्क घासून निघतो. पक्कड वापरली की टोपी चेपते. टोपी सैल असेल तर बाहेर काढून, दाताच्या काडीवर चढवून, चिमट्याने किंचित आवळायची. कार्ट्रिजच्या पिनांना डाग मात्र द्यायचा नाही. सोल्डरिंगची उष्णता आत केसाहून बारीक तारेच्या गुंडाळीपर्यंत पोहोचते आणि कार्ट्रिज कायमचे मुके होते. शेवटी अँप्लिफायरला लागणारे मागचे आरसीए प्लग. अँप्लिफायर बंद करून प्रत्येक प्लग जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवा. बाजारात गंज सोडवायचा जो स्प्रे सर्रास मिळतो तो इथे नको, तो मागे तेलकट थर ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मागायचा.

हे सगळे करूनही एक बाजू मुकीच राहिली तर दोष शोधायची सोपी रीत आहे. अँप्लिफायरच्या पाठीमागे डावा-उजवा प्लग एकमेकांच्या जागी लावा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष प्लेयरमध्ये, जागेवर राहिला तर अँप्लिफायर किंवा स्पीकरमध्ये. पहिला प्रकार असेल तर हेडशेलमध्ये लाल-हिरवीची जोडी पांढऱ्या-निळीच्या जागी आणायची. मुकेपणा आता बाजू बदलतो का? बदलला तर कार्ट्रिज, नाही तर आर्ममधली तार किंवा केबल. दहा मिनिटांत निकाल लागतो.

रेडिओ आणि प्लेयर एकाच पेटीत असलेल्या जुन्या रेडिओग्रामच्या वाटेला एक वेगळेच दुखणे येते. त्यांतल्या अनेकांत कार्ट्रिजच्या जागी क्रिस्टल पिकअप असे, आणि तो क्रिस्टल रोशेल सॉल्टचा. नावाप्रमाणे ते मीठच, पाण्यात विरघळणारे. दमट हवेत ते ओल धरते आणि आवाज वर्षागणिक बसत जातो. अशा पिकअपवर उपचार नसतो. त्याच्या जागी सिरॅमिक पिकअप बसवायचा, तो ओलीला दाद देत नाही.

आता सुई. रेकॉर्ड प्लेयरमध्ये खरोखर झिजणारी आणि झिजल्यावर दुसऱ्याचे नुकसान करणारी वस्तू ही एकच. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांचे आयुष्य असे देते: गोल टोकाची कोनिकल ५०० तास, लंबगोल टोकाची एलिप्टिकल ३०० तास, खास घडवलेल्या टोकांच्या शिबाटा ८००, मायक्रोलिनियर १०००. एलपीच्या एका बाजूला २० मिनिटे धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याची एलिप्टिकल सुई सव्वा वर्षात संपते. एका बाजूच्या खोबणीची लांबी सुमारे ४३० मीटर भरते, म्हणजे तेवढ्या काळात हिऱ्याचा तो कण जवळजवळ ३९० किलोमीटर घासत जातो, पणजीहून निघून साताऱ्याच्याही पुढे. नीलमण्याचे, म्हणजे सफायरचे टोक असेल तर ५० तासांच्या पुढे त्याच्यावर विसंबू नये. झिजलेली सुई बोथट होत नाही, उलट तिच्या दोन्ही गालांवर सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या कडा पटाशीसारख्या होतात. चरचर ऐकू येईपर्यंत थांबणाऱ्याने तोवर बऱ्याच तबकड्या तासलेल्या असतात. म्हणून प्लेयरच्या झाकणाखाली एक कागद चिकटवून सुई बदलल्याची तारीख लिहायची आणि ऐकलेल्या बाजूंच्या रेघा मारायच्या. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवतोच की आपण.

सुई साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे, आर्मच्या बुडाकडून तोंडाकडे. आडवा किंवा उलटा ब्रश कँटिलिव्हर, म्हणजे हिरा ज्या बारीक दांडीच्या टोकाला असतो ती, वाकवतो. याहून चांगला उपाय म्हणजे भांड्यांवरचे, भिंतीवरचे डाग काढायला मिळतो तो पांढरा मेलामाइन स्पंज. त्याचा बोटभर कोरडा तुकडा थांबलेल्या थाळीवर ठेवायचा, आर्म उचलायच्या दांडीने सुई त्यात सरळ खाली सोडायची आणि सरळ वर उचलायची, तीन-चार वेळा. बाजूला ओढायचे नाही. द्रवाची बाटली जपून वापरावी. अल्कोहोल कँटिलिव्हरवरून वर चढले तर हिरा चिकटवलेला गोंद आणि मागचे रबर दोन्ही सैल होतात. फुंकर मारू नये, फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. आणि बोट तर नाहीच.

‘जुनी पण न वापरलेली’ सुई स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांना एक सांगायला हवे. चाळीस वर्षे डबीत पडलेल्या सुईचा हिरा नवा असतो, पण कँटिलिव्हर ज्या रबरावर टेकलेला असतो ते रबर म्हातारे झालेले असते. ते कडक झाले की सुई खोबणीची वळणे घेऊ शकत नाही. आजच्या कारखान्यातली साधी सुई अशा दुर्मिळ सुईपेक्षा बहुतेक वेळा बरी वाजते.

सुई तबकडीवर किती वजनाने टेकावी याबद्दल दोन टोकांच्या अंधश्रद्धा आहेत. तबकडी उडी मारते म्हणून हेडशेलवर चार आण्याचे नाणे ठेवणारे एका टोकाला. त्या नाण्याने अडीच ग्रॅमच्या आसपास भर पडते, म्हणजे दोन ग्रॅमची सुई साडेचार ग्रॅमने दाबली जाते. दुसऱ्या टोकाला तबकडी जपायची म्हणून सांगितल्यापेक्षा कमी वजन ठेवणारे. यांचे नुकसान जास्त, कारण हलकी सुई मोठ्या आवाजाच्या वळणावर खोबणीची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आदळते. कारखान्याने दिलेल्या पल्ल्याच्या मधोमध किंवा किंचित वर राहावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम, स्वस्त प्लेयरांतून येणाऱ्या एटी३६०० जातीला ३ ग्रॅमच्या आसपास.

वजन लावायची रीत अशी. अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी सोय, शून्यावर आणा, सुईचे टोपण काढा, मागचे वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असे करा. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा. त्यानंतर वजन आणि चकती मिळून हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवा. अँटी-स्केटिंगलाही तोच आकडा द्या. चकतीवर पूर्ण भरवसा नको. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा सोनारी डिजिटल काटा आता स्वस्त मिळतो. काट्याचे पारडे तबकडीच्याच उंचीला यायला हवे आणि ते चुंबकाला चिकटणारे नको. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, तो लोखंडी पारड्याकडे ओढला जातो आणि काटा खोटे वजन दाखवतो. चांगले जाणकारही इथे फसतात.

त्याआधी अर्थातच थाळी समतल हवी. गवंड्याची छोटी पाणसळ थाळीवर आधी उभी, मग आडवी ठेवून पाय फिरवायचे. जुन्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी असते, माणूस चालला की सुई उडते. तिथे कितीही महागडे पाय लावले तरी भागत नाही. चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर कडप्प्याची लादी, तिच्यावर प्लेयर. स्पीकर त्याच लादीवर ठेवले तर ते घुमू लागतात आणि केलेले सगळे वाया जाते.

कार्ट्रिजचा कोन बसवणे हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत कमी केला जाणारा भाग. आर्म एका खिळीभोवती कमानीत फिरतो, तबकडी कापणारी सुई मात्र सरळ रेषेत गेलेली असते. त्यामुळे पूर्ण तबकडीवर फक्त दोन ठिकाणी कोन तंतोतंत जुळतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या बेअरवाल्ड मांडणीत ती ठिकाणे मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. ही खूण असलेला प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवायचा तक्ता, कागदावर छापून घेता येतो, पण छापताना आकार शंभर टक्के ठेवायचा आणि पट्टीने ६६ मिलिमीटर मोजून खात्री करायची. ‘पानात बसवा’ या एका खुणेने अख्खा कागद खोटा होतो. दोन्ही बिंदूंवर सुई ठेवून कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर येईपर्यंत ते खाचेत पुढेमागे सरकवायचे, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. टेक्निक्स एसएल-१२०० ला सोय अशी की हेडशेलच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर आले की काम झाले.

एवढा आटापिटा कशासाठी? एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलपाशी जेमतेम २१. तेवढाच मजकूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आणि ख्यालाच्या एलपीवर लेबलपाशी काय येते? द्रुत. विलंबित निवांत मोकळ्या खोबणीत पसरते आणि तानांचा पाऊस नेमका चिंचोळ्या गल्लीत पडतो. कोन दोन अंशांनी चुकला तर बडा ख्याल कदाचित काही बोलणार नाही, ताना मात्र पिसकटतात. तबकडीच्या शेवटी आवाज फाटतो असे जे सांगतात, त्यांच्यापैकी अनेकांचा प्लेयर नव्हे, दोन स्क्रू बिघडलेले असतात.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे या एलपीच्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. थाळीच्या कडेला कागदाची टिकली चिकटवा, तबकडीवर सुई ठेवा, कारण मोजायचा तो ओझ्याखालचा वेग, आणि शंभर फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते फोनवर बघा. १८० आले तर उत्तम. १७८ ते १८२ म्हणजे साधारण एक टक्का इकडेतिकडे, तंबोरा लावून बसणाऱ्याच्या कानालाच खटकेल. बरोबर वेगाला जिचे ठिपके दिव्याखाली थांबल्यासारखे दिसतात ती चक्री वापरायची असेल तर आपल्या ५० हर्ट्‌झ विजेसाठी ३३⅓ ला १८० ठिपक्यांची हवी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ती नीट दिसत नाही, निऑनच्या छोट्या इंडिकेटरखाली ठिपके स्वच्छ थांबतात.

वेग आणि सुई यांचे महत्त्व कोणाला कळले असेल तर १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयाने पाठवणाऱ्यांना. त्या यानांवरच्या सोनेरी तबकडीवर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुई दिलेली आहे, आणि वेष्टनावर सुई कुठे ठेवायची, एका फेऱ्याला ३.६ सेकंद कसे लागले पाहिजेत, याचे चित्र कोरलेले आहे. परग्रहावरच्यांना दिलेली माहिती आपल्याकडच्या अनेक स्वस्त प्लेयरांच्या खोक्यात सापडत नाही.

वेग मंदावण्याचे नेहमीचे कारण पट्टा. गोव्याच्या हवेत रबरी पट्टा एकतर सैल पडतो नाहीतर विरघळून डांबरासारखा होतो. डांबर झालेला पट्टा ओढून काढू नका, अल्कोहोलच्या कापडाने थाळीची आतली कड आणि मोटरची कप्पी पुसून पुसून स्वच्छ करा. नवा पट्टा मागताना जुना दुहेरी सपाट धरून त्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून न्या, ‘अमक्या मॉडेलचा’ एवढ्यावर विसंबू नका. आखूड पट्टा मोटरच्या दंडाला एका बाजूला ओढून बुश खातो. हाताला तेल लागलेले असताना पट्टा हाताळू नये.

जुन्या गॅरार्ड जातीच्या यंत्रांत पट्टा नसतो, मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक असते. प्लेयर चालू स्थितीत ठेवून वीज नुसती भिंतीवरून बंद केली, की ते चाक एकाच जागी दाबून राहते आणि चार महिन्यांनी त्याला खळगा पडतो. मग प्रत्येक गाण्याखाली धप धप धप. खळगा उथळ असेल तर चाक फिरते ठेवून ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने कड हलकीच घासता येते. खोल असेल किंवा रबर दगडासारखे झाले असेल तर नवे रबर चढवून घ्यावे लागते. मोटरच्या बुशला शिवणयंत्राचे तेल, वर एक थेंब, खाली एक थेंब, पुरे. थाळीच्या मधल्या बेअरिंगला त्याहून थोडे जाड तेल, तेही जुने तेल लिंट न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसून मगच. आपोआप उचलणाऱ्या, परत जाणाऱ्या यंत्रणेतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते अल्कोहोलने धुऊन पांढरे लिथियम ग्रीस नखाच्या टोकाएवढे लावायचे. झाकण उघडले आहेच तर मुंग्यांचे वारूळ आणि पालीची अंडी यांचीही चौकशी करून घ्या. यात विनोद नाही, उबदार मोटर त्यांना आवडते.

गोव्यात एक खास प्रकार भेटतो. तारवट्याने, म्हणजे खलाशाने, बोटीवरून किंवा आखातातून आणलेला सेट. मागे ११०/२२० चा खटका असतो, तो बघितल्याशिवाय प्लग लावणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणे. पण व्होल्टेज जुळले म्हणजे संपले नाही. सौदी अरेबियात आणि अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झ, दुबई, मस्कत, कुवेत इथे आपल्यासारखी ५०. सिंक्रोनस मोटर विजेच्या लयीवर चालते, म्हणून ६० साठी बनवलेली कप्पी आपल्याकडे थाळी २७.८ च्या वेगाने फिरवते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारपर्यंत उतरते आणि लय रेंगाळते ती वेगळीच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, हर्ट्‌झ नाही. उपाय एकच, ५० हर्ट्‌झची कप्पी. तिचा व्यास २० टक्क्यांनी मोठा असतो, चांगला खरादी ती पितळेत करून देतो. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर ही चिंता नाही.

भुणभुण येत असेल तर प्लेयरची बारीक अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला लागली आहे का बघा. ती लावूनही येत असेल तर हेडशेलमधली निळी किंवा हिरवी तार सैल असण्याचा संभव जास्त. फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा अशक्त सिग्नल वाढवणारी पेटी, ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा. सिरॅमिक पिकअपचा सिग्नल मूव्हिंग मॅग्नेटच्या कितीतरी पट असतो, तो फोनोच्या भोकात लावला तर आवाज फाटणारच. आणि मॅग्नेटचा सिग्नल ऑक्सच्या, म्हणजे साध्या इनपुटच्या, भोकात लावला तर डास गुणगुणल्यासारखे गाणे ऐकू येते. फोनो प्रीअँप नुसता आवाज वाढवत नाही. तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते तो आरआयएए या ठरलेल्या प्रमाणाने पूर्ववत करतो, २० हर्ट्‌झला जवळजवळ १९ डेसिबल वर, २० हजारला तितकेच खाली.

तबकड्यांवर पावसाळ्यात पांढरट जाळे धरते. बुरशी प्लास्टिक खात नाही. बोटांचा तेलकटपणा, कागदी लेबल आणि कव्हर हे तिचे अन्न. असा गठ्ठा खोलीत झटकू नका, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, न्या, नाकाला फडके बांधा. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरचे काढायचे. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० ते १५० मिलिलिटर आयसोप्रोपिल आणि बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब. तबकडी आडवी धरून मऊ ब्रश खोबणीच्या वळणाने फिरवा, लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुणे महत्त्वाचे, कारण विहिरीचे किंवा नळाचे पाणी वाळताना क्षार खोबणीत सोडते आणि ते फुटाण्यासारखे वाजतात. उभी करून तासभर सावलीत वाळवा. जुन्या कागदी पिशवीत परत घालायची असेल तर धुतलीच कशाला? नवी पॉलिथिनची आतली पिशवी द्या.

हे पाणी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्यांना चुकूनही लावू नये. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. अल्कोहोल लाखेला विरघळवते, म्हणून पॉलिशवाले ती स्पिरिटमध्ये भिजवतात. ७८ ला अल्कोहोलविना पाणी, लगेच टिपणे, एवढेच. सुईही वेगळी हवी. एलपीची सुई १८ मायक्रॉनची, ७८ ची खोबण ७० च्या आसपासची मागते. बारीक सुई तिच्या तळातल्या गाळात लोळते आणि नुसती खरखर वाचते. व्हीएम९५ च्या बॉडीवर ७८ ची एसपी सुई सरकवून बसते, वजन ५ ग्रॅम. त्या तबकड्या मोनो, तेव्हा अँप्लिफायरला मोनोचे बटण असेल तर दाबा. डावे-उजवे एकत्र आले की खालीवर हलण्यातून आलेला बराच खरखराट एकमेकांना मारून जातो. जुन्या नाट्यगीतांच्या आणि कोकणी गाण्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी एवढे एक बटण दाबून पाहावे.

आता सुधारणा. सुटकेसमध्ये बसणारा लालचुटूक सुईचा प्लेयर सुधारू नये, विकावा. त्याचे वजन बदलता येत नाही, कोन बदलता येत नाही, मग बदलायचे काय? एटी-एलपी६० जातीच्या प्लेयरमध्ये कार्ट्रिज पक्के असते, फक्त सुई बदलते. वेळेवर बदला आणि समाधानी राहा. ज्यांच्याकडे वजन आणि हेडशेल दोन्ही हाती लागतात, त्यांनी आधी मघाची सगळी सफाई करावी, मग एक महिना ऐकावे. त्यानंतर पैसे खर्चायचे तर आधी सुईवर. व्हीएम९५ची गंमत ही की बॉडी तीच ठेवून एलिप्टिकल काढून मायक्रोलिनियर बसवता येते. ती चिंचोळ्या गल्लीतल्या ताना सोडवते आणि आयुष्यही तिप्पट, म्हणजे तासाच्या हिशेबात ती महाग पडतेच असे नाही. मग फोनो प्रीअँप. मग स्पीकर, खरे तर फरक त्यांचाच सर्वांत मोठा, पण तो वेगळा विषय आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबली, लाकडी पेट्या, थाळीवरची कातड्याची चकती यांना माझ्या यादीत जागा नाही. त्यातली चकती तर आपल्याकडे पावसात बुरशी धरते.

आणि पावसाळ्यात? प्लेयर गुंडाळून ठेवण्यापेक्षा वाजवत राहावे, आठवड्यातून दोनदा अर्धा तास तरी. चालणारी मोटर आतली ओल हाकलते, फिरणाऱ्या चाकाला खळगा पडत नाही. दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असेल तर पट्टा काढून ठेवा, रबरी चाक मोकळ्या स्थितीत आणा, सुईवर टोपण घाला, आर्म अडकवा आणि प्लग भिंतीतून काढा, कारण मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात विजा खरोखर घरात शिरतात. तबकड्या कपाटात उभ्या, फार सैल नाहीत, फार घट्ट नाहीत, भिंतीपासून चार बोटे पुढे. आडव्या रचलेल्या वाकतात आणि मागची भिंत पाझरली तर आधी कव्हरे जातात. कपाटात दिवा जळत ठेवायची जुनी पद्धत कपड्यांना ठीक, तबकड्यांना दिव्याजवळची ऊब वाकवते. त्यापेक्षा केशरी दाण्यांचे सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, शेजारी छोटा आर्द्रतामापक. आकडा ५५ च्या खाली राहिला तर बुरशीला वाव नाही. दाणे हिरवे पडले की घरच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास भाजायचे, पुन्हा केशरी होतात. जुलैत हे दर दहा-बारा दिवसांनी करावे लागते.